साडीगार्डची गोष्ट

घुग्घुसहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज विषय जरा वेगळा आहे. गाडीला बाहेरून लावलेल्या वस्तू कुठून आल्या, ते आज बघू. गाडी पुरुषांची, म्हणून तिचा इतिहासही पुरुषांचाच, असं आपण धरून चालतो. पण तसं नाही.

मोटारीच्या काचेवरचा वायपर घ्या. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईने १९०३ साली त्याचं पेटंट मिळवलं. न्यूयॉर्कला ट्राममधून जाताना तिने पाहिलं, की काचेवर बर्फ साचतो आणि चालकाला पुढचं दिसत नाही. आतून दांडा फिरवला की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, अशी युक्ती तिने काढली. एका कंपनीने तिला कळवलं, याला बाजारात किंमत नाही. पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर वायपर सगळ्या गाड्यांवर आला. तिच्या हाती पैसा आला नाही.

आता आपल्या दारातली गाडी. इटलीत १९४६ साली व्हेस्पा स्कूटर निघाली. ती विमानाच्या इंजिनिअरने आखली होती. कपड्यांना तेल-चिखल लागू नये म्हणून त्याने इंजिन पत्र्याआड झाकलं. पुढे बजाजने तशीच स्कूटर आपल्याकडे बनवली. १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत चेतक तयार होऊ लागली. तिच्यावर बाई एका बाजूला पाय सोडून बसली, तरी मागचं चाक पत्र्याखाली असल्याने पदराला भीती कमी होती.

मग १९८५ साली कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडा आली. हळूहळू गावोगाव मोटारसायकल झाली. तिचं चाक मात्र उघडं, आरे फिरताना दिसतात. बाई डावीकडे पाय सोडून बसते, पदर नेमका त्याच बाजूला उडतो. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आला. मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला तीन गोष्टी हव्यात : धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा, आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे कपडा चाकात अडकणार नाही. तेच आपलं साडीगार्ड.

हे आम्ही का सांगतो? आमच्या गटातली एक ताई बैठकीहून भाच्याच्या गाडीवर घरी निघाली. गाडी नवी होती, पण साडीगार्ड काढलेलं. गाडी त्याने अशी म्हणे 'भारी दिसते'. वळणावर पदर चाकात गेला. ताई पडली, हात मोडला, दोन महिने कामाला जाता आलं नाही. मागून कोळशाचा ट्रक येत होता. चालकाने वेळेत ब्रेक मारला, म्हणून ताई आज आपल्यात आहे.

उलटी गोष्टही ऐका. जीप-कारच्या पुढे लोखंडी मोठा गार्ड लावायची हौस आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. कारण असा गार्ड पायी चालणाऱ्या माणसाला जास्त इजा करतो. म्हणजे शोभेसाठी लावतो ते घातक, आणि शोभेसाठी काढतो ते जीव वाचवणारं.

त्या दिवसापासून आमच्या गटाने एक ठरवलं. नवऱ्याची असो की भाच्याची, गाडीवर बसण्याआधी डावीकडे वाकून बघायचं. साडीगार्ड नसेल तर बसायचं नाही. पदर आणि ओढणी खोचूनच बसायचं. पहिल्यांदा घरचे हसले. आता गटातल्या चार घरच्या गाड्यांना काढून ठेवलेली साडीगार्डं परत लागली आहेत.

तुमच्या घरची गाडी आज संध्याकाळी एकदा बघा.