पुसदचे मत आणि राष्ट्रपतिपदाची उमेदवारी

राष्ट्रपतीचे आसन पक्षभेदाच्या वर मानलेले आहे. परंतु त्या आसनाकडे जाणारी वाट पक्षाच्या बैठकीतूनच जाते. ह्या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही म्हणजे काय होते, हे १९६९ च्या निवडणुकीने दाखविले.

राष्ट्रपतीची निवड संसदेचे व राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सभासद करितात. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक मताचे मूल्य ठरते. त्या वेळी संसदसदस्याच्या मताचे मूल्य ५७६ होते, तर महाराष्ट्राच्या २७० आमदारांपैकी प्रत्येकाच्या मताचे १४६. यवतमाळ जिल्ह्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते व विधानसभेत पुसदचे प्रतिनिधी होते. राज्याची सूत्रे हाती असली तरी त्यांच्या मताचे वजनही १४६ च.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन कालवश झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी हंगामी राष्ट्रपती झाले. उमेदवार ठरविण्याकरिता काँग्रेसचे संसदीय मंडळ जुलैमध्ये बंगळूर येथे बसले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. कामराज, मोरारजी देसाई व स. का. पाटील ह्या ज्येष्ठांचा कौल लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांच्याकडे होता. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे मतही रेड्डींनाच पडले व पंतप्रधानांचा पक्ष अल्पमतात गेला. प्रश्न एका नावाचा दिसत होता. खरा वाद सरकार कोणाच्या सल्ल्याने चालावे हा होता.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. १६ जुलैस मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैस चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गिरी पदत्याग करून स्वतंत्रपणे उभे राहिले. तेव्हा राष्ट्रपतीचा कार्यभार सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्याकडे आला. यवतमाळच्या वकीलवर्गास ते जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून परिचित होते.

पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मिळावीत म्हणून जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांशी बोलणी केली. ह्यावर जगजीवनराम व फक्रुद्दीन अली अहमद यांनी उघड आक्षेप घेतला. ज्या पंतप्रधानांनी रेड्डींच्या उमेदवारीस आपली स्वाक्षरी दिली होती, त्यांनीच आता पक्षादेश काढण्यास नकार देऊन सभासदांना सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्यास मोकळीक दिली.

महाराष्ट्रातील सभासदांपुढील पेच तर तिहेरी होता. रेड्डींच्या निवडीस त्यांच्याच नेत्याचे, चव्हाणांचे, मत कारण झाले होते. पंतप्रधानांचा ओढा गिरींकडे होता. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख; मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे हे मराठी गृहस्थ जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्याने उभे होते. पक्षनिष्ठा, पंतप्रधान आणि मराठी अभिमान ह्यांपैकी कशास मान द्यावा, ह्याचा निवाडा प्रत्येकाने गुप्त मतपत्रिकेवर एकट्याने करावयाचा होता.

१६ ऑगस्टला मतदान झाले व २० ऑगस्टला निकाल लागला. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. विजयास ४,१८,१६९ मते हवी होती. दुसऱ्या पसंतीची मोजणी होऊन गिरी ४,२०,०७७ वर व रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. अंतर १४,६५० चे. म्हणजे महाराष्ट्रातील सुमारे शंभर आमदारांच्या मतांएवढे. पुसदसारख्या एकेका मताचे मोल ह्या हिशेबावरून कळते.

चव्हाणांनी ऑगस्टअखेर ऐक्याचा ठराव मांडून तडजोड घडविली. ती टिकली नाही. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींना पक्षातून काढण्यात आले व काँग्रेस दुभंगली. पाटील व मोरारजी जुन्या संघटनेत राहिले. चव्हाण व नाईक पंतप्रधानांच्या बाजूस राहिले. नाईक १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. रेड्डी पुढे १९७७ साली अविरोध राष्ट्रपती झाले.

बंगळूरला बहुमत मोजले गेले, पण मने वळविली गेली नाहीत. बहुमताने उमेदवार ठरतो. परंतु ज्यांनी मते द्यावयाची त्यांची मने त्या निर्णयास अनुकूल नसतील, तर शिस्तीचा आदेश मतपेटीच्या दारापाशीच थांबतो. पक्षशिस्त व सदसद्विवेकबुद्धी ह्यांचा समेट मतदानाच्या दिवशी होत नसतो. तो उमेदवार निवडण्याच्या बैठकीतच व्हावा लागतो.