गच्चीवरच्या वायरी: घरातल्या इंटरनेटची तीस वर्षांची भांडणं

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चालू होतं आणि कामगार विचारत होता, "ह्या वायरी कोणाच्या? कापून टाकू का?" फोटोत सतरा-अठरा वायरींचा गुंता. कोणालाच काही सांगता येईना. मी बी.टेक. केलेला, त्यात सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे मला वायरींतलं सगळं कळत असणार असं सोसायटीला वाटतं. मला वर पाठवलं. तासभर एकेका वायरीचा माग काढला आणि लक्षात आलं, आपल्या घरात इंटरनेट कसं आलं याचा अख्खा इतिहास इथे पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधून ठेवलाय. आजचा एपिसोड त्याच्यावर.

सगळ्यात जुनी तार होती फोनची. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते याच तारेवरून. वेग ९.६ केबीपीएस. आज तुम्ही फोनने काढता तो ३ एमबीचा एक फोटो त्या वेगाने यायला चाळीस मिनिटांच्या वर लागले असते. आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. आत्याने फोन केला तर लागणार नाही, मग आत्या रुसणार, असा सगळा प्रकार.

आता गंमत अशी की तांब्याची तार मुळात एवढी हळू नाहीये. माणसाचा आवाज कळायला ३४०० हर्ट्झपर्यंतची फ्रिक्वेन्सी पुरते, म्हणून टेलिफोन एक्स्चेंज त्याच्या वरचं सगळं छाटून टाकायचं. पण तार स्वतः मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल नेऊ शकते, फक्त अंतर कमी हवं. अमेरिकेत बेलकोर नावाच्या संशोधन संस्थेत जोसेफ लेक्लायडर यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एक साधी गोष्ट ओळखली: घरातला माणूस जास्त मागवतो आणि कमी पाठवतो. मग येणारी वाट रुंद ठेवू, जाणारी अरुंद. एडीएसएलमधला 'ए' म्हणजे हा असमतोल. यामागे स्वप्न इंटरनेटचं नव्हतं बरं का. फोन कंपन्यांना तारेवरून घरोघरी सिनेमे विकायचे होते. १९९३ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींची समोरासमोर चाचणी झाली, त्यात स्टॅनफर्डच्या जॉन चॉफी यांची पद्धत सरस ठरली आणि पुढे तीच जगभर गेली. आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीवर, डेटा वरच्या. आत्याचाही फोन लागतो आणि नेटही चालतं.

दुसरी वायर केबलवाल्याची. १९९१ च्या आखाती युद्धात लोकांना सीएनएन बघायचं होतं, पाठोपाठ स्टार टीव्ही आलं. कोणीतरी डिश लावली आणि गल्लीभर जाड काळी कोॲक्स वायर फिरवली. परवानगी वगैरे कोणी विचारली नाही. कायदा आला तो १९९५ मध्ये. ही वायर फोनच्या तारेपेक्षा कितीतरी पट जास्त सिग्नल वाहते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या केबल कंपन्यांनी डॉक्सिस नावाचं स्टँडर्ड आणलं आणि तिथे टीव्हीच्या वायरीवरून इंटरनेट धावायला लागलं.

मग आपल्याकडे हेच का नाही झालं? वायर तर प्रत्येक घरात होती! अडचण खांबावरच्या डब्यात होती. सिग्नल लांब न्यायचा तर दर थोड्या अंतरावर ॲम्प्लिफायर लागतो आणि आपल्याकडचे ॲम्प्लिफायर एकाच दिशेचे होते. टाकीतलं पाणी नळाला येतं, नळातलं टाकीत चढत नाही, तसं. टीव्हीला परत काही पाठवायचं नसतं, इंटरनेटला असतं. सगळे डबे बदलायचे, शिवाय घराघरातले ढिले जोड दुरुस्त करायचे, कारण उलट दिशेने येताना प्रत्येक घराचा खरखराट एकत्र जमा होतो. हॅथवेसारख्या मोठ्या कंपन्यांनी काही शहरांत हा खर्च केला. गल्लीतल्या दादाला तो झेपणारा नव्हता.

दादाने वेगळंच केलं. त्याने ऑफिसात वापरतात ती निळी लॅनची वायर आणली आणि गच्ची टू गच्ची फेकली. ही वायर १०० मीटरच्या पुढे न्यायची नाही, आणि उघड्यावर तर नाहीच, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. दादाने १०० मीटर संपले की प्लास्टिकच्या डब्यात एक स्विच ठेवला आणि पुढची वायर सोडली. पावसाळ्यात वीज कडाडली की अर्ध्या कॉलनीचे स्विच जळायचे. तरी लोक खूश होते, कारण सगळी कॉलनी एकाच लॅनवर. इंटरनेट रडत असायचं, पण शेजारच्या विंगमधल्या मुलाबरोबर काउंटर-स्ट्राइक मस्त चालायचं आणि त्याच्या शेअर्ड फोल्डरमधले सिनेमे पाच मिनिटांत यायचे. (कोणाच्या फोल्डरमध्ये काय होतं, ते इथे सांगत नाही.)

म्हणजे गच्चीवर तीन स्पर्धक. आता इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरा निकाल गच्चीवर लागलाच नाही. तो दिल्लीत लागला.

२००४ मध्ये सरकार ब्रॉडबँड धोरण बनवत होतं. देशात तांब्याच्या चार कोटींच्या आसपास जोडण्या, बहुतेक सगळ्या बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या. ट्रायने शिफारस केली की एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार दुसऱ्या कंपन्यांनाही भाड्याने मिळू द्या. तार सरकारी कंपनीची, तिच्यावरून सेवा ज्याला जमेल त्याची. फ्रान्समध्ये हे झालं होतं. तिथल्या नियामकाने जुन्या सरकारी फोन कंपनीची तार उघडायला लावली आणि २००२ मध्ये फ्री नावाच्या कंपनीने महिना २९.९९ युरोत एडीएसएल देऊन बाजार हलवून टाकला.

आपल्या धोरणात ही सक्ती आली नाही. कंपन्यांनी आपापसात ठरवावं, एवढ्यावर विषय मिटला. आणि ज्याच्याकडे तार आहे तो स्पर्धकाला आपणहून कशाला देईल? विरोधाचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. तोटा सोसून खेड्यापाड्यांत फोन पोचवायचे आम्ही, आणि शहरातली मलई खायची दुसऱ्यांनी? मला तरी वाटतं, इथे फार मोठी संधी गेली. तार जमिनीत टाकून झालेली होती, तिचे पैसे लोकांनी दिलेले होते.

धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि २००७ पर्यंत ९० लाख, २०१० पर्यंत २ कोटी जोडण्या असं लक्ष्य ठेवलं. २००७ संपताना होत्या साधारण ३१ लाख. २०१० संपताना १ कोटी १० लाखांच्या आसपास. दरम्यान लोक मोबाइल घेऊन लँडलाइन सरेंडर करत होते, म्हणजे जी तार वाचवली तिचेच गिऱ्हाईक निघून चालले होते.

तुमच्यातले जे माझ्या वयाचे आहेत त्यांना 'नाइट अनलिमिटेड' आठवत असेल. दिवसा मोजून काही एमबी आणि रात्री २ ते सकाळी ८ फुकट. सातवी-आठवीत मी १ वाजून ५५ मिनिटांचा गजर लावायचो. आईला वाटायचं पोरगा अभ्यासाला उठतो. दोन दिवस वाटलं असेल.

बिनतारीचाही एक देशी प्रयत्न झाला होता. आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट बनवलं, तारेशिवाय गावात फोन आणि थोडं इंटरनेट. पण ७० केबीपीएसच्या पुढे ते जाईना, आणि तोवर जगाची भूक वाढली होती.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि बहुतेक घरांनी वायरीची पायरी सोडूनच दिली. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी पळवतो. घरात टीव्ही, दोन लॅपटॉप, वर्क फ्रॉम होम, आणि मोबाइल डेटा पुरेना. तेव्हा आली फायबर. एका काचेच्या धाग्यावर ३२ किंवा ६४ घरं, मध्ये फक्त प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर, ज्याला वीजच लागत नाही. काचेतून करंट जात नाही, त्यामुळे पावसाळ्यातलं ते जळणंही गेलं.

पण फायबर घरापर्यंत नेणार कोण? कोणत्या सोसायटीचा सेक्रेटरी गच्चीची चावी देतो, कुठल्या खांबावरून वायर नेली की कोणी ओरडत नाही, हे कोणाला माहीत? २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांमध्ये मोठा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. बीएसएनएलनेही फायबर घरापर्यंत न्यायला स्थानिक केबलवाले हाताशी धरले. इंजिनिअर म्हणून मी मेगाबिट मोजत बसलो होतो. बाजार मोजत होता शेवटचे दोनशे मीटर.

गावाकडे तेच अंतर अजून भोवतं. भारतनेटचं काम २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झालं, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. जिथे पंचायतीच्या ऑफिसात डबा लागला, तिथेही पुढे वाडीवर न्यायला केबलवाला नाही आणि तांब्याची तारही नाही. २०२३ पासून शहरांत ५जीवरचं एअरफायबर मिळायला लागलंय, घरावर एक अँटेना लावली की झालं. पण त्या टॉवरलाही खालून बहुतेक फायबरच लागते.

हां, तर गच्ची. शेवटी मी केबलवाल्या दादाला फोन लावला. आता साठीचा आहे, मुलगा धंदा बघतो, तरी स्वतः आला. गुंत्याकडे एकदा बघितलं आणि कामगाराला म्हणाला, "जाड काळ्या काप. निळ्या सगळ्या काप. ती करडी फोनची, मेलेली आहे, काप. ही बारीक चपटी दिसते ना, हिला हात लावायचा नाही. अख्खी बिल्डिंग हिच्यावर आहे."

मग चहा घेतला आणि जुने स्विच भंगारात घालायला घेऊन गेला.

पुढच्या भागात मुंबईला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रातून वर येणाऱ्या केबल्सबद्दल बोलू. तुमच्या गच्चीवर काही मिळालं तर फोटो पाठवा.