मंडपेश्वरच्या टेकडीवरची शाळा

आपल्या बोरिवलीतली कितीतरी मुलं माउंट पोयसरच्या सेंट फ्रान्सिस शाळेत शिकली. पण या भागात पाद्र्यांची शाळा पहिल्यांदा भरली ती पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकाच्या मध्यावर.

मंडपेश्वरची शैव लेणी त्याच्याही कितीतरी शतकं आधीची. आत शिवाचं तांडव कोरलेलं आहे. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो यांनी लेण्याचं चर्च केलं. वर मठ आणि कॉलेज उभं राहिलं. कॉलेज म्हणजे आजच्यासारखं नव्हे. नव्यानेच ख्रिस्ती झालेल्या मुलांची निवासी शाळा, त्यात अनाथही असत. पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने देवस्थानाचं उत्पन्नही पाद्र्यांकडे वळवलं. बँकेत जन्म गेला, म्हणून माझी नजर आधी तिथेच जाते! देवही गेला, त्याची ठेवही गेली. पण त्याच पैशावर पोरक्या पोरांना दोन घास आणि अक्षरओळख मिळाली, हेही तितकंच खरं.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, साष्टी मराठ्यांकडे आली आणि मठ ओस पडला. पुढे 1901 मध्ये जर्मन ब्रदर पाउलुस मोरित्झ यांनी माउंट पोयसरवरच फ्रान्सिस्कन ब्रदर्सचा संघ स्थापन केला. आजची शाळा त्यांचीच.

लेण्यात आता पुन्हा शिवपूजा होते, महाशिवरात्रीला गर्दी असते. तिथल्या भिंतीवर पोर्तुगीजांनी कोरलेला क्रूस अजून आहे. नातवंडांना घेऊन जाल तेव्हा तोही दाखवा, आणि वरच्या पडक्या भिंतीही.