स्तनाचा कर्करोग पसरण्यात रोगप्रतिकारक पेशींची भूमिका

“डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवली तर गाठ पसरणार नाही ना?” महाड-पोलादपूर भागातले नातेवाईक हमखास विचारतात. याचे उत्तर सरळ ‘हो’ असे देता येत नाही.

गाठीत काय असते?

स्तनाच्या गाठीत फक्त कर्कपेशी नसतात. शरीराच्या संरक्षक पेशीही तिथे जमतात. त्यातल्या काही लढतात, तर काहींना कर्करोग स्वतःच्या कामाला जुंपतो.

• टी पेशी: कर्कपेशी ओळखून मारतात. ट्रिपल निगेटिव्ह व हर-२ पॉझिटिव्ह प्रकारांत या पेशी भरपूर असतील, तर पुढची वाटचाल साधारणपणे बरी असते. काही बायोप्सी रिपोर्टमध्ये ‘टीआयएल’ म्हणून त्यांची टक्केवारी दिलेली असते.

• मॅक्रोफेज: एरवी जंतू गिळतात, जखम भरून आणतात. गाठीत मात्र याच कामाचा कर्करोगाला फायदा होतो. नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, कर्कपेशींना रक्तात शिरायला वाट मिळते आणि टी पेशी दबतात. रक्तातून कर्करोग हाडे, फुफ्फुसे, यकृत किंवा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

मग काढा, टॉनिक घ्यावे का?

त्याने कर्करोगाचे पसरणे थांबते, असे सिद्ध झालेले नाही. काही औषधी वनस्पती केमोथेरपीला बाधक ठरू शकतात. काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

इम्युनोथेरपी म्हणजे काय?

कर्कपेशी टी पेशींना ‘ब्रेक’ लावतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखे औषध तो ब्रेक सोडवते. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारातल्या काही रुग्णांना ते केमोथेरपीसोबत देतात. थायरॉइड, आतडी, फुफ्फुसे यांवर दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून ते सर्वांसाठी नाही.

सुई टोचल्याने गाठ पसरते का?

या भीतीने तपासणी टाळू नका. बायोप्सीमुळे आजार बळावत नाही, उशिरामुळे बळावतो.

कधी दाखवावे?

स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्रातून रक्त, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. टाटा मेमोरियलच्या मुंबईतील दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केल्यावर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या आजाराचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले.

टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक केंद्र आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.