फिर्याद कोणी करावयाची?

लहान मुलावर घरात, शेजारात किंवा शाळेत अत्याचार झाला असता त्याची फिर्याद कोणी करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता पोलीस ठाण्याच्या दफ्तरातला वाटतो. परंतु गेल्या दीड शतकात आपल्या देशात बालरक्षणाचे जे जे कायदे झाले ते बहुतेक सर्व याच प्रश्नापाशी येऊन अडखळले, आणि त्या कायद्यांच्या घडणीत नागपूर व वऱ्हाड या भागांतील माणसांनी जो वाटा उचलला तो आज नागपूरकरांच्याही स्मरणात फारसा उरलेला नाही. ज्याच्यावर अन्याय होतो त्या मुलाला बोलण्याचे बळ नसते, आणि ज्या वडीलधाऱ्यांना ते असते त्यांच्या तोंडावर घराण्याची अब्रू हात ठेवते. मग त्या मुलाचा कैवार घ्यावयाचा तरी कोणी?

भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि १८६२ पासून भारतीय दंडसंहितेचा अंमल सुरू झाला, तेव्हा त्या संहितेने मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहा वर्षांची ठरविली होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, त्या वेळी गिरणीत राबणाऱ्या मुलाच्या वयावर कोणतेच कायदेशीर बंधन नव्हते. ते १८८१ च्या कारखाने कायद्याने प्रथम आले, आणि तेही सात वर्षांचे. पुढे १८९१ साली सरकारने दोन निरनिराळ्या कायद्यांनी दोन निरनिराळी वये वाढविली: गिरणीतील मुलाचे वय नऊ केले आणि मुलीचे संमतिवय बारा. या दुसऱ्या कायद्यामागे कलकत्त्याच्या फुलमणी दासीचा मृत्यू होता. अकरा वर्षांच्या आसपासची ही बालिका पतीच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली, आणि तिने दहावे वर्ष ओलांडलेले असल्यामुळे त्या पस्तिशीच्या पुरुषावर बलात्काराचा आरोप टिकूच शकला नाही. पुण्यात टिळकांनी परकी सरकारने धर्माचारात हात घालू नये म्हणून या विधेयकास केलेला विरोध प्रसिद्ध आहे. त्या वादात शास्त्रार्थ पुष्कळ झाला, राजनिष्ठा आणि स्वराज्य यांचीही चर्चा झाली. परंतु ज्या मुलींसाठी हा कायदा होता त्यांच्यापैकी एकीने तरी कोर्टात दाद कशी मागावी, याचा विचार दोन्ही पक्षांत अभावानेच झाला, आणि मला तर हाच त्या थोर वादाचा मोठा दोष वाटतो.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकलेले, केंब्रिजला शिकून, बॅरिस्टर होऊन आलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले सर हरिसिंग गौर हे मध्यवर्ती कायदेमंडळात मध्यप्रांताचे प्रतिनिधी होते. दंडसंहितेवरील त्यांचे विस्तृत भाष्य वकीलवर्गात प्रमाणग्रंथ म्हणून वापरले जात असे. अर्थात कायद्याच्या कोणत्या कलमात कोणती फट आहे हे त्यांना जितके ठाऊक होते तितके फार थोड्यांना ठाऊक असेल. विवाहाच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे संमतिवय चौदा करावे, असा मसुदा त्यांनी पुढे आणला. तो जसाच्या तसा मंजूर झाला नाही. १९२५ साली सरकारने विवाहाबाहेर चौदा आणि विवाहांतर्गत तेरा अशी तडजोड केली. गौर एवढ्यावर स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पुन्हा विधेयक आणले, आणि त्याच अनुषंगाने १९२८ साली सरकारने संमतिवय समिती नेमली, तिचे अध्यक्षपद अमरावतीचे नामांकित वकील, मवाळ पक्षाचे पुढारी आणि मध्यप्रांत सरकारचे माजी गृहसदस्य सर मोरोपंत विश्वनाथ जोशी यांच्याकडे आले.

जोशी समितीचा अहवाल आज कोणी वाचत नाही. पण तो वाचावा अशा योग्यतेचा आहे. रामेश्वरी नेहरू आणि डॉ. बीडन या दोन स्त्रिया समितीवर होत्या, देशभर हिंडून समितीने साक्षी नोंदविल्या, आणि त्या साक्षींतून जे निष्पन्न झाले ते समितीने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले: संमतिवयाचा कायदा लोकांना माहीतच नाही, आणि जेथे माहीत आहे तेथेही घरातल्या अत्याचाराची फिर्याद घरातून येत नाही. मुलीचे आईबाप जावयाविरुद्ध ठाण्यात जातील ही अपेक्षाच व्यर्थ होती. म्हणून समितीने विवाहांतर्गत पंधरा व विवाहाबाहेर अठरा वर्षांची मर्यादा सुचविली, जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदी काटेकोर ठेवण्याचा आग्रह धरला, आणि बालविवाहालाच प्रतिबंध करावा असे मत दिले. वयाचा दाखला नसेल तर वयाचा कायदा पोकळ, ही साधी गोष्ट मुरलेल्या वकिलाच्याच ध्यानी यावी अशी आहे.

१९२९ साली हरविलास सारडा यांचे बालविवाह-प्रतिबंधक विधेयक मंजूर होऊन १ एप्रिल १९३० पासून त्याचा अंमल सुरू झाला; मुलीचे विवाहवय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. परंतु या कायद्याच्या अंतरंगात पाहिले तर मन खिन्न होते. गुन्हा अदखलपात्र होता, म्हणजे पोलिसांनी आपण होऊन हात घालावयाचा नव्हता. वर्ष उलटले की न्यायालयास दखल घेण्याची मनाई होती. आणि जो कोणी फिर्याद घेऊन येईल त्याच्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका लिहून घ्यावा, म्हणजे फिर्याद खोटी ठरल्यास भरपाई वसूल करता येईल, अशी तरतूद होती. शंभर रुपये ही त्या काळी गिरणी कामगाराची काही महिन्यांची मिळकत होती. आपल्या आळीतल्या आठ वर्षांच्या मुलीचे लग्न लागताना पाहून ज्याचे काळीज हलले, त्याच्यावरच कायद्याने प्रथम संशय घेतला. मध्यप्रांताने १९२८ साली बालकांचा एक स्वतंत्र कायदा केला होता खरा, मद्रास, बंगाल आणि मुंबई या प्रांतांच्या मागोमाग. पण त्याचा रोख मुख्यतः निराधार आणि वाममार्गाला लागलेल्या मुलांवर होता, चांगल्या चालत्या घरात जे घडते त्यापर्यंत तो पोहोचत नव्हता.

कायदा जेथे थबकला तेथे समाजातली काही माणसे पुढे सरली, आणि त्यांच्यात नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. स्वतः लहानपणीच बोहल्यावर चढविल्या गेलेल्या, पोटासाठी हमाली केलेल्या या स्त्रीने १९२२ साली अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. मुलगी शाळेत आहे तोवर ती दररोज घराबाहेरच्या कोणाच्या तरी दृष्टीस पडते, तिच्या चेहऱ्यावरचा बदल कोणाला तरी कळतो. बालरक्षणाची याहून स्वस्त आणि याहून खात्रीची व्यवस्था अजून निघालेली नाही. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित स्त्रियांची जी मोठी परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तीत डॉ. आंबेडकरांनी आयांना, मुलांची लग्ने घाईने लादू नका, असे कळकळीने सांगितले. कायदेमंडळाच्या सभागृहात ज्यांच्याविषयी चर्चा होत असे त्या स्त्रिया येथे हजारोंच्या संख्येने समोर बसून ऐकत होत्या, हा फरक लहान नव्हे.

स्वातंत्र्यानंतरची अनेक दशके या बाबतीत मंदगतीने गेली. मुलग्यावर झालेल्या अत्याचाराला तर दंडसंहितेत धड स्थानच नव्हते. शेवटी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणतात, त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला, बालदिनी, अंमलात आला, आणि सारडा कायद्याची रीत त्याने मुळापासून उलटी केली. मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला त्याने संरक्षण दिले. अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, न कळविल्यास तोच शिक्षेस पात्र ठरतो. मुलाची जबानी त्याच्या घरी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाची. न्यायालयात आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यावयाचा नाही. पूर्वी बोलणाऱ्याकडून मुचलका घेतला जाई. आता मौन धरणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

या कायद्याची मोठी कसोटी नागपुरातच लागली. डिसेंबर २०१६ मध्ये पेरू देतो असे सांगून एका मनुष्याने बारा वर्षांच्या मुलीला आपल्या घरात नेले आणि तिच्या अंगाशी लगट केली. त्या मुलीची आई तिला शोधत निघाली, शेजारच्या बाईने तिला कोणी नेले ते सांगितले, आईने त्या मनुष्याला विचारले असता त्याने साफ नाकारले. तरीही त्या माउलीने त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता वरच्या मजल्यावर जाऊन बाहेरून कडी घातलेली खोली उघडली, रडणारी मुलगी बाहेर काढली आणि तडक ठाणे गाठले. जोशी समितीला जी फिर्याद घरातून येणे असंभवनीय वाटले होते ती येथे तत्काळ आली. अब्रूचा विचार त्या आईच्या मनात आला नसेल असे नाही. तो तिने बाजूला सारला, आणि शेजारणीनेही आपल्याला काय त्याचे म्हणून तोंड मिटून घेतले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सत्र न्यायालयाने आरोपीस पोक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा ठोठावली.

१९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील एकल न्यायासनाने मात्र असा निर्णय दिला की, वस्त्र दूर न सारता, त्वचेला त्वचेचा स्पर्श न होता जे घडले ते पोक्सोखालील लैंगिक हल्ल्यात मोडत नाही. आणि आरोपीला दंडसंहितेच्या ३५४ व्या कलमाखाली, विनयभंगासाठी, एक वर्षाची शिक्षा दिली. ज्या संहितेच्या उणिवा गौरांनी आयुष्यभर दाखविल्या, तिच्याच आश्रयाला २०१२ चा कायदा पुन्हा पाठविला गेला. मुलीला काय सोसावे लागले याऐवजी मध्ये कापड होते की नव्हते याचे मोजमाप झाले, हे वाचताना नागपूरशी ज्याचे नाते आहे त्याला वेदना झाल्यावाचून राहिली नाही. आठच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. भारताचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी स्वतः दाद मागितली. देशाचा सर्वोच्च विधी अधिकारी एका बारा वर्षांच्या मुलीसाठी फिर्यादी झाला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती लळित, भट आणि त्रिवेदी यांच्या पीठाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून, स्पर्शामागील लैंगिक हेतू हाच या अपराधाचा गाभा आहे, त्वचेचा संपर्क नव्हे, असे ठरविले आणि तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली.

तथापि याच कायद्याचे ३५ वे कलम असे सांगते की, अपराधाची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो एका वर्षाच्या आत खटल्याचा निकाल लावावा. नागपूरच्या त्या प्रकरणात पहिला निकाल लागण्यास तीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि अंतिम निकालास जवळजवळ पाच वर्षे. फिर्याद करताना जी बारा वर्षांची होती ती तोवर सतरा वर्षांची झाली. आई वेळेवर धावली, शेजारीण वेळेवर बोलली. विशेष न्यायालयांना पुरेसे न्यायाधीश, पुरेसे सरकारी वकील आणि मुलांशी कसे बोलावे हे जाणणारी माणसे देणे हे काम मात्र शासनाचे आहे, आणि त्याचा हिशेब प्रत्येक जिल्ह्यातल्या नागरिकांनी दर वर्षी मागितला पाहिजे.