आधी यादीत नाव, मग रांगेत पाय

गेल्या मतदानाला आमच्या गटातली एक जण सकाळीच भाकरी थापून केंद्रावर गेली. कडेवर लेकरू, डोक्यावर ऊन. दोन तासांनी टेबलापाशी पोहोचली, तर यादीत नावच नाही. लग्नानंतर ते माहेरच्या यादीतच राहिलेलं. तेव्हा आम्ही ठरवलं, रांगेबद्दल कुरकुर करण्याआधी ही रांग कुठून सुरू झाली ते पाहायचं.

देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. मतदार सतरा कोटींच्या वर, आणि बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा, झालं मतदान. बायांसाठी राखीव अशी मतदानाची ठिकाणंही हजारोंनी होती.

पण खरी अडचण त्याआधीच आली होती. नावं लिहायला माणसं घरोघरी गेली, तेव्हा अनेक बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहून घ्या म्हणाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम सांगितलं, की स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही. सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली. त्यात बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांतल्या बाया जास्त होत्या. निर्णय कठोर होता, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली : मत बाईचं, म्हणून नावही बाईचंच.

पुढे पद्धत बदलत गेली. १९६२ पर्यंत वेगळ्या पेट्या जाऊन बहुतेक ठिकाणी एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची रीत आली. १९८२ मध्ये केरळातल्या परावूरला काही केंद्रांवर पहिल्यांदा मशीन वापरलं. कायद्यात तशी तरतूद नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरचं मतदान रद्द केलं. मग कायदा बदलला, आणि २००४ ला लोकसभेच्या सगळ्या जागांवर मशीन आलं. मोजणी झटपट होऊ लागली.

तरी रांग का राहिली? हिशेब करून बघू. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. एका केंद्रावर १५०० नावं असली आणि सगळे आले, तर एकेकाला २६ सेकंद मिळतात. तेवढ्यात नाव शोधायचं, सही, शाई, बटण. व्हीव्हीपॅटची चिठ्ठीच सात सेकंद दिसते. म्हणूनच २०२५ मध्ये आयोगाने एका केंद्रावर १२०० पेक्षा जास्त मतदार नकोत, असं ठरवलं. म्हणजे रांग लहान करायची तर केंद्रं वाढायला हवीत आणि नाव पटकन सापडायला हवं.

केंद्रं वाढवणं आयोगाचं काम, पण नावाचं काम आपल्या हातात आहे. नवीन नावासाठी ६ नंबरचा अर्ज, सासरी पत्ता बदलायला ८ नंबरचा. गावातल्या बीएलओंकडे चौकशी करा. गटाच्या बैठकीत एकदा यादी वाचून घ्या आणि प्रत्येकीचा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवा. केंद्रावर तो सांगितला, की शोधाशोध वाचते.

आणखी एक. मतदान संपायच्या वेळेला जी रांगेत उभी आहे, तिला मत देता येतं. तेव्हा केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतात. म्हणून घड्याळ बघून माघारी फिरू नका. तान्हं लेकरू कडेवर असेल, तर आधी सोडा म्हणून सांगा, त्यात लाज कसली?

आमच्या त्या मैत्रिणीचा ८ नंबरचा अर्ज आम्ही चौघींनी बसून भरला. आता यादीत तिचं नाव आहे, तिचं स्वतःचं. तुमचं आहे का, ते आजच बघा.