बिऱ्हाडकरू गॅलरी

कॅनडाच्या नॅशनल गॅलरीचा जन्म १८८० सालचा. गव्हर्नर जनरल लॉर्ड लॉर्न यांच्या पुढाकाराने त्या वर्षी रॉयल कॅनेडियन अकादमी निघाली आणि निवडून आलेल्या प्रत्येक चित्रकाराने आपलं एक चित्र राष्ट्राला द्यावं, असा नियम झाला. अध्यक्ष ल्युशस ओब्रायन यांचं सागने नदीवरच्या सूर्योदयाचं चित्र सगळ्यात आधी दाखल झालं. चित्रांची सोय लागली, जागेची नाही.

मग बिऱ्हाडं सुरू झाली. १८८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत, १८८८मध्ये सरकारी मत्स्यप्रदर्शनाच्या सोबतीला, १९११मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल म्युझियममध्ये. १९१३मध्ये कायदा होऊन विश्वस्त मंडळ आलं. तीनच वर्षांत संसद भवन जळालं आणि खासदार म्युझियममध्ये राहायला आले. गॅलरीचं दार बंद! १९६०मध्ये पुन्हा मुक्काम हलला, तोही ऑफिसांसाठी बांधलेल्या लॉर्न बिल्डिंगमध्ये.

आज गॅलरीच्या संग्रहात फ्रेंच चित्रकार कोरोचा ‘नार्नीचा पूल’ आहे. इटलीतल्या उंब्रियात, नेरा नदीवर सम्राट ऑगस्टसच्या काळात बांधलेला हा पूल पुढे बराचसा कोसळला. सप्टेंबर १८२६मध्ये तिशीतल्या कोरोने तिथे बसून कागदावर तैलरंगात अभ्यासचित्र केलं. दरड फुटलेली, पुढची माती कशीबशी फासलेली, आणि ऊन मात्र अगदी खरं. ते अभ्यासचित्र आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. संग्राहक मोरो-नेलातों यांनी १९०६मध्ये दिलेल्या संग्रहातून आलेलं. ओटावाच्या या गॅलरीतलं चित्र त्यावरून पॅरिसच्या १८२७च्या सलोंसाठी, म्हणजे तिथल्या अधिकृत प्रदर्शनासाठी रंगवलेलं, मोठं आणि नीटनेटकं. पुढची दरड बुजवून कोरोने तिथे रस्ता आणला, त्यावर मेंढपाळ आणि जनावरं आणली, डावीकडे पाइनची झाडं उभी केली. परीक्षकांपुढे जायचं तर एवढा शिष्टाचार पाळावाच लागे. अभ्यासचित्र जास्त जिवंत आहे, हे आता बहुतेक सगळेच मानतात, मीही. पण सलोंचं चित्र कमअस्सल म्हणणं अन्यायाचं. तरुण चित्रकार डोळ्यांना दिसलेलं आणि लोकांना रुचणारं यांची तडजोड कशी करतो, ते इथेच कळतं.

गॅलरीला स्वतःसाठी बांधलेलं घर मिळालं ते १९८८मध्ये: वास्तुकार मोशे सफ्दी यांची काच आणि ग्रॅनाइटची इमारत. एकशे आठ वर्षं लागली. ओटावाला जाणं झालं, तर तिथला काचेचा सभामंडप बघून परत फिरू नका. कोरोच्या पुलासाठी वेळ राखून ठेवा, आणि शक्य असेल तर पॅरिसचं अभ्यासचित्र त्याआधी पाहून घ्या.